रानफळचा पत्ता

१

फुलवंता मडावी दारात आली तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसलो होतो. कंपनी हरवली म्हणाली. बैल हरवला, सातबारा हरवला, बायको निघून गेली असं सांगत लोक माझ्याकडे आलेले आहेत. कंपनी हरवल्याची तक्रार पहिलीच. मी तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि आजची दुपार गेली हे समजून चुकलो.

माझं नाव केशोराव. सहकार खात्यात संस्थांचे हिशेब तपासण्यात हयात गेली. आता देवरीत घर बांधलंय आणि त्यात पडून राहण्यापलीकडे कसलीही महत्त्वाकांक्षा उरलेली नाही. पण उन्हाळ्यात चिचगडच्या बायांनी बोलावलं म्हणून गेलो आणि समाजमंदिरात त्यांना एक गोष्ट शिकवून आलो. देशातली कुठलीही कंपनी घ्या. तिचं नाव, पत्ता, संचालक, शेवटची सभा कधी झाली, एवढं सरकारी साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. आतले कागद उघडायचे तर थोडी फी पडते, दर्शनी पान फुकट. आपल्या कंपनीचं पान अधूनमधून बघत जा, असं मी मोठ्या तोंडाने सांगितलं. त्यांनी खरंच बघितलं. लोक आपलं ऐकतात याची मला सवय नाही.

त्यांची कंपनी म्हणजे ‘रानफळ’. चिचगडच्या आसपासच्या जंगलपट्टीतल्या बाया जांभळं, सीताफळं गोळा करतात, गर काढतात आणि कंपनीच्या नावाने विकतात. फुलवंता तिची अध्यक्ष. कंपनीचा नोंदलेला पत्ता म्हणजे फुलवंताचंच घर. बरोबर आलेली रीना ही कंपनीचं कामकाज बघणारी पोरगी, बारावी झालेली, हातात मोबाइल.

रीनाने पान उघडून मला वाचून दाखवलं. नाव बरोबर. संचालक पाच, बरोबर. कंपनी चालू. मेल, रानफर ॲट अमुकतमुक, बरोबर. आणि पत्ता, राईस मिलच्या मागे, गोंदिया.

ती राईस मिल मुन्नालालची. बाजारात बायांची सीताफळं पडेल भावाने उचलणारा हाच माणूस, आणि कंपनी झाल्यापासून त्याचा तो धंदा बसला होता.

पत्ता बदलायला संचालकाची डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये असते आणि रानफळमध्ये असा डोंगल एकट्या फुलवंताचा होता. त्यामुळे गावात निकाल लागून गेला होता. अध्यक्षीणबाईंनी कंपनी मुन्नालालला विकली. येत्या बाजाराच्या दिवशी सभा होती आणि तिला पदावरून काढायचं ठरलं होतं.

“साहेब, पद गेलं त जाऊ द्या,” फुलवंता म्हणाली. “पर मी घरोघरी जाऊन या बायाईले आनलं. आता चोरटी म्हनून मी त्याच गावात कशी राहू?”

डोंगल कुठे असतो, मी विचारलं. घरी, तांदळाच्या कोठीमागे. तिने पदराची गाठ सोडून तो माझ्यासमोर ठेवला. त्यावर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर सहीचा गुप्त आकडा लिहिलेला होता, विसरू नये म्हणून. तो मी बघत राहिलो. हिशेब तपासताना माणसं याहून मोठा गाढवपणा करताना पाहिली आहेत, पण इतका सोयीस्कर नाही.

२

पदरची फी भरून मी आतला कागद उघडला. कागद रीतसर होता. संचालक मंडळाचा ठराव जोडलेला होता आणि खाली फुलवंताची डिजिटल सही. सहीची तारीख वाचून रीना म्हणाली, त्या दिवशी तर सगळ्या संचालक बाया नवेगाव बांध या गावी होत्या, तिथल्या बायांचा मासे सुकवायचा उद्योग बघायला. फुलवंताही होती. सकाळच्या गाडीने गेल्या आणि दिवे लागल्यावर परतल्या.

म्हणजे ठराव खोटा, एवढं नक्की. फुलवंता सुटली असं मात्र नाही. बाया एवढंच म्हणणार की डोंगल तिने आधीच देऊन ठेवला होता. वस्तू तिच्या घरची, आकडा तिचा.

दुसऱ्या दिवशी मी चिचगडला गेलो. बसच्या त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, माझे मणके बोलतात. फुलवंताच्या घरी तिचा नवरा दसरू ओसरीत बाजेवर बसला होता. वनमजुरी करणारा, शाळेत न गेलेला, कमी बोलणारा माणूस. घराच्या भिंतीवर कंपनीची पाटी होती. ओसरी स्वच्छ सारवलेली, खांबाच्या बुडाशी डोडक्याचा वेल लावलेला, सुतळीने वर चढवलेला. वेल माझ्या खांद्यापर्यंत आला होता.

कंपनीचे फळांचे क्रेट इथे ओसरीत असायचे ना, मी विचारलं. सारे परसात हलवले, पावसाची झड लागत होती, तो म्हणाला. डोंगल कोण हाताळायचं? बायको, रीना, आणि कंपनीचा मॅनेजर गजेंद्र आला की तो. घरात बाहेरचं कोण येतं? यावर तो थोडा हसला.

“साहेब, कोन येत नाही ते इचारा.”

फुलवंता चहा घेऊन आली तेव्हा तो उठून आत गेला. मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल. येतो बऱ्याच जणांना.

चहा पिताना शेजारच्या अंगणातून कुणीतरी बाई मोठ्याने बोलली की गोंदियाच्या शेठजीकडचा चहा अजून गोड लागत असेल. फुलवंताने कप उचलले आणि आत नेले. हे मला आवडलं नाही. मी म्हातारा आहे, थकलो आहे, पण हे मला आवडलं नाही.

३

मुन्नालालने मला मिलच्या गादीवर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि पेढे मागवले. चोरी करणारा माणूस घाबरलेला असावा अशी आपली उगाच अपेक्षा असते.

“पता बदलना कोई गुनाह है क्या, केशोरावजी?” तो म्हणाला. “बाई की सही है, कागज पूरा है. सरकार की साइट पर सबके सामने पड़ा है. छुपाया किसने?”

हे त्याचं खरं होतं आणि तेच मला खुपत होतं. मीच बायांना सांगितलं होतं की सगळं उघड्यावर असतं, म्हणून भ्यायचं नाही. आता हा माझंच वाक्य माझ्यासमोर पेढ्यासोबत ठेवत होता.

चिचगडची कंपनी तुमच्या पत्त्यावर का, असं विचारल्यावर तो म्हणाला, रानफल वालों की मदद करनी थी. गोंदियाचा पत्ता असला की मोठे ग्राहक भेटतात. कंपनी त्यांचीच राहील, मला काय करायची आहे? डोंगल तुमच्याकडे कोणी आणला, यावर त्याने हात जोडले. त्याने डोंगल कधी पाहिलाच नव्हता म्हणे. कागद तयार होऊन आला, त्याने जागा दिली.

उठताना मी त्याला सांगितलं की खोट्या ठरावाची तक्रार होऊ शकते. तो म्हणाला, जरूर कीजिए, मगर बाई पर होगी. सही बाईची आहे. मी पायऱ्या उतरलो तेव्हा गुडघ्यांपेक्षा डोकं जास्त दुखत होतं. कारण तक्रार केली असती तर तो म्हणाला तसंच झालं असतं.

आणि ती केली नसती तर काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. सरकारची प्रत्येक नोटीस आता त्याच्या मिलमध्ये येणार होती. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानावर संचालकांची नावंही बदललेली दिसली असती, आणि तीही सगळ्यांसमोर.

४

गजेंद्र मला देवरीच्या बसस्टँडवर भेटला. कृषी पदवीधर, पोवार घरचा पोरगा, रानफळचा मॅनेजर. ऑफिस चिचगडहून हलवावं म्हणून तो वर्षभर बायांशी भांडत होता. तिथे मोबाइलला रेंज धड नाही, गाडी वेळेवर नाही. तेव्हा संशय त्याच्यावर येणं साहजिकच, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

“मी बदलला असता तर पत्ता देवरीचा केला असता, काका,” तो शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाला. “गोंदियाला मुन्नालालच्या दारात कशाला नेऊ? माझीच नोकरी गेली असती.”

हे पटण्यासारखं होतं. मग त्याने आणखी एक सांगितलं. पत्ता बदलताना कंपनीच्या मेलवर ओटीपी येतो. कंपनीचा मेल त्यानेच काढलेला, तो रोज उघडतो, पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नाही. त्या दिवशीच काय, त्या महिन्यात कुठलाही ओटीपी आला नव्हता. त्याने तिथल्या तिथे मेल उघडून दाखवला.

ओटीपी आल्याशिवाय काम होत नाही, काम तर झालं होतं. मग ओटीपी गेला कुठे?

मी चष्मा पुसला आणि दर्शनी पान पुन्हा उघडलं. ते मी आतापर्यंत कितीदा वाचलं होतं कोण जाणे. या वेळी मेलच्या इंग्रजी अक्षरांवर एकेक करून बोट फिरवलं. गजेंद्रच्या मेलमध्ये ‘रानफल’ होतं. पानावरच्या मेलमध्ये ‘रानफर’ होतं.

एका अक्षराचा फरक. रीनाने मला ते पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं आणि मला खटकलं नाही, कारण आमच्याकडे ळ बोलतो कोण? फळाला आम्ही फरच म्हणतो, डोळ्याला डोरा. कानाला बरोबर वाटलं म्हणून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांनी ते बरोबर म्हणून पुढे ढकललं. चोरी मांडून ठेवली होती, फुकट, आणि आम्ही ती आमच्या बोलीत वाचत होतो.

कुणीतरी नवा मेल काढला होता. आणि तो मुन्नालालने नाही. तो रानफल म्हणतो, माझ्यासमोर म्हणाला होता. गजेंद्रही नाही, तो फळ म्हणतो आणि तसंच लिहितो. फर म्हणणारा माणूस चिचगडचा होता. घरचा होता.

५

आता फर म्हणणारी आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरं टाइप करणारी अशी एकच व्यक्ती मला माहीत होती. मी रीनाला बोलावलं आणि फार गोड न बोलता विचारलं. दमलेल्या माणसाचं बोलणं आखूड होतं.

ती रडली नाही, उलट चिडली. पत्ता बदलल्याचं आधी तिनेच पाहिलं होतं, बायांना तिनेच सांगितलं होतं. स्वतःच्या चोरीची दवंडी कोण पिटतं? मग तिने जांभळाच्या सरबताची बाटली माझ्यासमोर आपटली. त्यावरचं लेबल तिनेच बनवलेलं, मराठीत रानफळ, इंग्रजीत रानफल.

“मी बोलतो फर, काकाजी, पर लिवतो फळ. शाळेत गेलो ना मी. ज्यानं हे सांगतलं त्याले लिवता येत नसन. आन् ज्यानं लिवलं त्यानं नुसतं आयकलं असन.”

मी तिची माफी मागितली. तिने लगेच दिली नाही, ते योग्यच झालं.

पण तिच्या बोलण्याने गाठ सुटली. लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा. लिहिणारा गोंदियातला कुणी संगणकवाला, हिंदी बोलणारा, ज्याला कंपनीचं नावही माहीत नाही. त्याच्या शेजारी बसून कुणीतरी चिचगडचं माणूस म्हणालं, रानफर. त्याने ऐकलं तसं टाइप केलं. ओटीपी त्याच बैठकीत यायचा असतो, म्हणजे हे सहीच्याच दिवशी घडलं. आणि त्या दिवशी फुलवंता नवेगाव बांधला होती, तिच्यावर आज बोट रोखणाऱ्या बायांच्याच सोबत. ज्या तोंडाने फर म्हटलं ते तिचं असूच शकत नव्हतं. तिने डोंगल आधीच मुन्नालालला देऊन ठेवला असता, तर नाव त्याने रानफल असं सांगितलं असतं किंवा कागदावरून पाहून लिहिलं असतं. इथे तर डोंगल घेऊन आलेला माणूसच शेजारी बसला होता.

डोंगल कोठीमागून उचलून नेणारा आणि संध्याकाळी तिथेच ठेवणारा, लिहिता न येणारा, त्या दिवशी घरी असलेला.

डोडक्याचा वेल खांद्यापर्यंत यायला बरेच आठवडे लागतात. रीनाने पान बघितलं ते गेल्या आठवड्यात. क्रेट हलवून, जागा सारवून, तिथे बी टोचणाऱ्याला कंपनी जाणार हे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

कुणीतरी दुसरं निघावं असं मला वाटत होतं. मुन्नालाल एकटा निघाला असता तर किती बरं झालं असतं.

६

सभेच्या सकाळी मी दसरूला परसात गाठलं. त्याने नाकारलं नाही. बहुधा कुणी विचारायचीच तो वाट पाहत होता.

“पत्ता म्हंजे काय, साहेब? पाटी,” तो म्हणाला. “मले मुन्नालाल म्हने, पाटी माह्याकडे आनतो, तुझं घर मोकरं होईल. मले वाटलं पाटी जाईल, कंपनी राहील. माह्याच घरी मले बसाले जागा नोती. सकारी बाया, दुपारी साहेब, साती दिवस. जेवन वाढाले कोनी नाई. कोनाले सांगू?”

संगणकाच्या दुकानात मुन्नालालचा फोन म्हणे नेमका बंद पडला होता, म्हणून नव्या मेलला नंबर दसरूचाच लावला होता. मुन्नालाल किती सावध माणूस आहे ते मला तेव्हा कळलं. त्याचं नाव पत्त्याशिवाय कुठेच नव्हतं. पण त्याच सावधपणामुळे तो मेल आता आमच्या हातात होता. दसरूच्या फोनवर आलेल्या आकड्याने रीनाने तो अर्ध्या तासात उघडला. आत मुन्नालालच्या माणसाने पाठवलेला खोट्या ठरावाचा मसुदा होता. तक्रार करायला एवढं पुरेसं होतं, आणि ती बाईवर झाली नसती.

फुलवंताला सांगणं माझ्याच्याने होत नव्हतं, तरी सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“मले काऊन नाई सांगतलं त्याईनं?”

मी म्हणालो, सांगितलंही असेल. मग मी तिला म्हटलं की सभेत मी फक्त मुन्नालालचं नाव घेतो, घरातलं घरात राहू दे. ती म्हणाली, अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं बाया माझ्याच अंगावर घालतील. आणि ती उठली.

समाजमंदिर भरलं होतं. फुलवंता उभी राहिली तेव्हा कुजबुज चालूच होती. तिने सगळं सांगितलं. मुन्नालालचं, दुकानाचं, मेलचं. मग थांबली. आमच्याकडे तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. चिचगडमध्ये कुणी तिच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं.

“डोंगल माह्या नवऱ्यानं नेला,” ती म्हणाली. “दसरू मडावीनं.”

दसरू दारातच उभा होता, त्याने मान खाली घातली. चहाच्या गोडीवर बोलणारी ती शेजारीण पुढच्याच रांगेत होती. ती आपल्या बांगड्या मोजत बसली.

अध्यक्ष फुलवंताच राहावी, असं एकमताने ठरलं. तक्रार करायचं ठरलं. पत्ता गोंदियाहून परत आणायचं ठरलं. एवढ्या वर्षांत मी इतकी सरळ चाललेली सभा पाहिली नव्हती. रीनाने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि विचारलं, मग पत्ता कोणाच्या घरचा लिहू?

फुलवंताने रांगा बघितल्या. एकीची सासू आजारी होती, एकीचं घर पडायला आलं होतं, एकीच्या मालकाला आवडत नाही. पुढच्या रांगेने तर वर बघितलंच नाही. तिला चोरटी म्हणायला सगळ्या होत्या, ओसरी द्यायला एकही नव्हती. मला फार राग आला आणि राग धरण्याइतकं बळ नव्हतं.

“लिवा आमच्याच घरचा,” दारातून दसरू म्हणाला.

रीनाचं बोट चालायला लागलं, तशी फुलवंता म्हणाली, थांब. ती दाराशी गेली आणि साऱ्या सभेसमोर तिने नवऱ्याला विचारलं, खरंच लिहायचा का. मी नीट पाहिलं. त्याला कधी कुणी विचारलं नसावं, कारण उत्तर द्यायला त्याला वेळ लागला.

“लिव,” तो म्हणाला. “पर बुधवार सोडून. एक दिवस मले बसाले जागा.”

काही बाया हसल्या. फुलवंता हसली नाही. रीनाने फॉर्म वरखाली सरकवून बघितला.

“मोठी आई, बुधवारचा रकानाच नाई इथी. कोठी लिवू?”

“तो नोको लिवू,” फुलवंता म्हणाली. “तो मी ध्यानात ठेवतो.”